निखाऱ्याचा डावा हात

४ फेब्रुवारी

वहिनी,

माझं अक्षर ओळखून तुम्ही पाकीट न फोडताच कपाटावर टाकाल, म्हणून पत्ता मुद्दाम टाइप करून घेतला. आता फोडलंच आहे तर वाचून टाका.

सहा वर्षं झाली आपण बोललो नाही. पुतणीला फोन केला की मागून तुमचा आवाज येतो, "कोण गं?" ती "काका" म्हणते आणि लगेच तुमच्याकडे भांडी आपटायला लागतात. आवाजावरून तब्येत खणखणीत आहे एवढं कळतं. मी तेवढ्यावर समाधान मानत आलोय.

विषय निखाऱ्याचा आहे. कंपनी त्याला परत आणते आहे.

तुम्हाला ठाऊक असलं तरी क्रमाने सांगतो, अधूनमधून तुटक सांगणं मला जमत नाही. आमचा खेळ मारामारीचा. पडद्यावर दोघं समोरासमोर उभे राहतात, एक पडतो, जिंकणारा पुढे जातो आणि सगळ्यांना लोळवून झालं की शेवटी निखाऱ्या येतो. हवं तर आपणच निखाऱ्या घेऊनही खेळता येतं. कोळशाच्या खाणीचा मालक, तळहात पेटलेले. पहिल्या भागापासून त्याची एकूण एक हालचाल मी हाताने काढली, दुसऱ्या कुणाला पेन्सिल लावू दिली नाही. तिसऱ्या भागात खाणीत पाणी शिरलं आणि निखाऱ्या बुडून मेला. चौथा भाग त्याच्याविना निघाला आणि आपटला. आता पाचवा चाललाय आणि खेळणाऱ्यांनी कंपनीला भंडावून सोडलंय: निखाऱ्या आणा, नाहीतर दुकान बंद करा.

आमच्या धंद्यात खलनायक मरत नाही, रजेवर जातो. कड्यावरून पडलेला, स्फोटात उडालेला, डोकं वेगळं झालेला, सगळे दोन भागांनी हजर. त्यामुळे दिग्दर्शकाला त्यात काही विशेष वाटलं नाही. त्याने एक कसरतपटू आणला, त्याच्या अंगावर ठिपके चिकटवले आणि त्याच्या हालचाली निखाऱ्याच्या नव्या अंगात उतरवल्या. हल्ली असंच करतात. पोरगा चपळ आहे, हवेत दोन कोलांट्या घेऊन मांजरासारखा उतरतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, "हा निखाऱ्या नाही."

"का? काय कमी आहे?"

"हा उड्या मारतो. निखाऱ्या उडी मारत नाही."

"मग काय करतो?"

वहिनी, त्यांना काय सांगू, की निखाऱ्या इस्त्री करतो?

हे तुम्हाला आणि दादाला सोडून मी कुणाला सांगितलेलं नाही. तो खांदा उतरवून, सगळं वजन मनगटात आणून समोरच्याला भुईला चिकटवतो, ती तुमची कोळशाची इस्त्री. बोटं झाडून विष उडवतो, ते इस्त्रीआधीचं पाणी. दोन्ही हातांनी धरून समोरच्याला फाडकन झटकतो आणि खाली आणता आणता दुमडून टाकतो, ती चादर. लोक त्या डावाला 'मरणघडी' म्हणतात. त्यावर लेख आलेत. एका विद्वानाने तो कुठल्याशा प्राचीन युद्धकलेतून आल्याचं सिद्ध केलंय. मी त्याला दुरुस्त केलं नाही, कारण सिद्धता बरी होती.

नायक कुणालाही काढता येतो. छाती पुढे, हनुवटी वर, झालं काम. ज्याची भीती वाटायला हवी त्याच्या अंगात मात्र वजन लागतं. मी चित्रकलेच्या शाळेचा उंबरा ओलांडला नाही, पुस्तकं नव्हती, शिकवणारं कुणी नव्हतं. आई-वडील गेल्यावर दादाने मला तुमच्याकडे आणलं आणि तो गाडी घेऊन मुलुखभर हिंडत राहिला. तुमच्या इस्त्रीच्या दुकानात मी टेबलाच्या पलीकडे बसून कपडे बांधायच्या कागदावर रेघोट्या ओढायचो आणि समोर तुम्ही असायचात. वजन मला तेवढंच ठाऊक होतं.

तुमचा राग रास्त होता. दादाने कौतुकाने सांगितलेलं ऐकून शेजारीण भर जिन्यात म्हणाली, "दिराने तुम्हाला राक्षस करून विकलं की हो!" त्यानंतर तुम्ही माझ्याशी तुटक बोलायला लागलात. म्हणून मीच दिग्दर्शकाच्या मागे लागून तिसऱ्या भागात निखाऱ्याला मारायला लावलं. कंपनीत रडारड झाली, मी हटलो नाही. माफी मागणं मला जमत नाही, चित्र काढणं जमतं. त्याचं मरण इतकं निगुतीने काढलं की तसं काम माझ्या हातून पुन्हा झालेलं नाही. आणि नेमकं त्यानंतर तुम्ही फोनवर यायचंच बंद केलंत. हे गणित मला आजही सुटलेलं नाही.

तर आता विचारतो, कारण मागे विचारलं नव्हतं. तुमची चाल निखाऱ्याला परत देऊ का? दिग्दर्शकाने महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे, नंतर तो कसरतपटूच कायम. तुम्ही नको म्हणालात तर मी बाजूला होईन, त्यांना काय उड्या मारायच्यात त्या मारू देत.

हो म्हणा, नाही म्हणा, पण उत्तर द्या. आणि या निमित्ताने, त्या टेबलाबद्दल आभार. वेळेवर म्हणायला हवे होते.

तुमचा दीर


२१ फेब्रुवारी

वहिनी,

उत्तर आलं. सुरुवातच "खुसपट्या," अशी. ही हाक सहा वर्षं कानावर पडली नव्हती. माझ्या हाताखालच्या माणसांनी ती कधी ऐकू नये अशी माझी फार इच्छा होती, पण मीच सगळ्यांना पत्र दाखवत सुटलो. आता खालचा चहावालाही मला तेच म्हणतो.

तुम्ही लिहिलंत ते पुन्हा उतरवून काढतो, म्हणजे माझ्या टाळक्यात नीट बसेल: "राक्षस केल्याचा राग कुणाला आला होता? तुझा दादा गेला, दुकान उठलं, मुलीच्या घरी येऊन पडले. कुणाशीच बोलावंसं वाटत नव्हतं. मी जरा गप्प बसले तर तू मला बुडवून मारलंस! राक्षस होते तोवर निदान कुणाच्या बापाला भीत नव्हते."

म्हणजे मी माफी म्हणून जे केलं, तोच गुन्हा निघाला. आणि ज्याची माफी मागत होतो तो गुन्हाच नव्हता. वहिनी, मी कंपनीत तपशिलाचा बादशहा समजला जातो. सावली अर्धा बोट सरकली तर मला झोप लागत नाही.

मग तुमची पुढची ओळ: "आणि तुझा निखाऱ्या अर्धाच बरोबर आहे. उजवीकडे तोंड असलं की मी. डावीकडे वळला की भलतीच कुणी भवानी. इस्त्री माझ्या उजव्या हातात असते, पाणी मी डाव्याने मारते. एवढी वर्षं समोर बसून काय माशा मारत होतास?"

हे वाचून मी आधी चिडलो, खोटं कशाला सांगू. मग जुना खेळ लावून बघितला आणि खुर्चीत बसलो.

त्याचं असं आहे. त्या काळी आम्ही माणूस एकाच बाजूने काढायचो, उजवीकडे तोंड करून. तो दुसऱ्या बाजूला गेला की यंत्र तेच चित्र आरशासारखं उलटं करायचं. निम्मी मेहनत वाचते. पण आरशात उजव्याचा डावा होतो, म्हणजे वळल्याबरोबर निखाऱ्याची इस्त्री डाव्या हातात आणि पाणी उजव्यात. सगळेच तसं करायचे, त्यामुळे कुणाच्या डोळ्यांना ते खुपत नाही. लाखो लोक खेळले, समीक्षकांनी चष्मे लावून बघितलं, मी स्वतः काढलं. पकडलं तुम्ही.

नंतर माझ्या डोक्यात उजेड पडला. हे पकडायचं तर निखाऱ्याला दोन्ही बाजूंनी बघायला हवं, आणि तेही एकदा-दोनदा नव्हे. मी पुतणीला फोन लावला.

"तुझी आई खेळते?"

"काका, कुणाला सांगू नका. दुपारी दार लावून घेते. आम्हाला वाटायचं, पडते जरा. एक दिवस आतून 'ये, ये, तुझी चादर करते' असं ऐकू आलं. मी घाबरून दार उघडलं तर काय, हातात खेळाचं बटणयंत्र!"

"कुठला भाग?"

"दुसराच. तिसरा आणू का म्हटलं तर अंगावर आली. म्हणते, मेलेलं माणूस मला घरात नको."

वहिनी, मी ते मरण इतक्या निगुतीने काढलं, पाण्याची प्रत्येक लाट निराळी, आणि ज्यांच्यासाठी काढलं त्यांनी ते बघितलंही नाही. आज मला त्याचं वाईट वाटत नाही. उलट बरं वाटतं. तुमच्या घरात तो मेलाच नाही.

पण परवानगी तुम्ही अजून दिलेली नाहीत. तुमचं पत्र शेवटपर्यंत शोधलं, मागची बाजूसुद्धा बघितली. शिव्या सगळ्या पोचल्या, होकार कुठे नाही. म्हणून एक गोष्ट सांगतो. हल्ली माणूस सपाट काढत नाहीत, सगळ्या बाजूंनी भरीव घडवतात. तो वळला तरी डावा हात डावाच राहतो. म्हणजे परत आणायचाच असेल तर या वेळी त्याला दुरुस्त करून आणता येईल. मात्र त्यासाठी मला आठवतं ते पुरणार नाही. कुणीतरी ठिपके लावून उभं राहायला हवं, आणि असं माणूस जगात एकच आहे.

याल का?

दुसरी अडचण वेगळीच. तो जगला कसा, यावर इथे रोज सभा भरते. कथा लिहिणारा म्हणतो, जुळा भाऊ दाखवू. दिग्दर्शक म्हणतो, बुडाला तो तोतया होता. मी दोन्ही हाणून पाडलं. तोंडातून निघालेला शेवटचा बुडबुडा मी काढलाय, तो फुटताना मी बघितलाय. तोतयाच्या बुडबुड्यासाठी मी एवढी मान मोडून घेतली नसती.

मुदतीला आठवडा उरलाय. रुसायचं असेल तर नंतर रुसा, आधी सांगा.

खुसपट्या


९ मार्च

वहिनी,

तुमचं कार्ड मुदतीच्या आदल्या दिवशी पोचलं. सभा चालू होती. मी उभ्या उभ्या मोठ्याने वाचलं:

"येते. मला कुणी मॅडम म्हणायचं नाही. इस्त्री खरी पाहिजे. आणि तो जगला कसा म्हणून एवढी मोठी माणसं डोकं कसली खाजवताय? ओला कोळसा मी कधी फेकून दिलेला आठवतो का तुला? पत्र्यावर पसरायचा, वाळवायचा, परत पेटवायचा. जरा धूर जास्त होतो एवढंच."

कथा लिहिणारा आधी हसला, मग कागदावर काहीतरी खरडायला लागला. दिग्दर्शक मला म्हणाला, "ही बाई कोण?"

मी म्हटलं, "जिला आपण बुडवली ती."

मग सगळं सांगितलं. इस्त्री, पाणी, चादर. मला वाटलं होतं, हसतील. दिग्दर्शकाने जागेवरून उठून हवेत चादर झटकायचा प्रयत्न केला आणि कोपराने चहा सांडला. म्हणाला, "कसरतपटूला फोन करा, म्हणावं पैसे मिळतील, पण काम दुसऱ्या पैलवानाकडे गेलं."

तिकीट सोबत आहे, खिडकीजवळचं. पुतणीही येतेय. तुमचा गुडघा दुखतो असं ती म्हणाली, म्हणून खालचीच खोली घेतली आहे. पायऱ्या नाहीत, मी जाऊन बघून आलोय. गादी मऊ होती, बदलायला लावली.

खरी इस्त्री शोधतोय. भंगारवाल्यांकडे ज्या मिळतात त्या सगळ्या शोभेच्या, आत पोकळ. आठवते तशी मिळेपर्यंत सोडणार नाही.

तुम्ही येताय यावर माझा अजून नीट विश्वास बसलेला नाही. बसला की आभार मानेन.

खुसपट्या


२ एप्रिल

वहिनी,

सुखरूप पोचल्याचं पुतणीने कळवलं. तुम्ही गेल्यापासून इथे सगळे तुमच्यासारखं बोलायला लागलेत. ठिपके लावणारी मुलगी काल साक्षात दिग्दर्शकाला म्हणाली, "काय माशा मारताय?"

त्या दिवशी जे घडलं ते तुम्ही बघितलं नाही, तुम्ही ते करत होतात. काचेच्या या बाजूला मी होतो. म्हणून लिहून पाठवतो.

तुम्हाला तो काळा घट्ट पोशाख घातला तेव्हा तुम्ही आरशात बघून म्हणालात, "अगं बाई, वांग्याला पुरळ आलंय." तिथेच ठिपकेवाली तुमच्या बाजूची झाली. इस्त्री हातात दिली तेव्हा तुम्ही ती तोलून परत केलीत: "ही हलकी आहे. हिला रुमालसुद्धा भिणार नाही." मी तीन आठवडे शोधून आणलेली इस्त्री! मग आत शिशाचे तुकडे भरले, तुम्ही "आणखी", "आणखी" म्हणत राहिलात आणि शेवटी "हं" म्हणालात. त्या "हं"बरोबर तुमचा डावा खांदा वर आणि उजवा खाली गेला. पडद्यावर नुसते ठिपके होते वहिनी, ना तोंड ना कपडे, आणि मागे कुणीतरी हळूच म्हणालं, "आला."

दिग्दर्शकाने सूचना केली, समोरच्याकडे रोखून बघा, तो तुमचा शत्रू आहे. तुम्ही म्हणालात, "गिऱ्हाईक कितीही बडबडलं तरी मी त्याच्याकडे बघत नाही. बघितलं की हात भाजतो. नजर कपड्यावर." आणि समोर उभ्या माणसाच्या छातीकडे, शर्टाच्या चुरगळीकडे बघावं तशा बघत पुढे निघालात. तो माणूस दोन पावलं मागे सरकला. त्याला तसं सांगितलेलं नव्हतं. इतकी वर्षं मी निखाऱ्याचे डोळे काढत आलो आणि तो भयंकर का वाटतो ते मला आत्ता कळलं. तो रागावलेलाच नाही. तो कामात आहे.

मग पाणी मारायची वेळ आली. तुम्ही डावा हात वाटीत बुडवलात, उचललात आणि बोटं झाडण्याआधी तो हलला. थरथरला. तुम्ही तो क्षणभर धरून ठेवलात, आम्ही सगळ्यांनी दुसरीकडे बघितलं. पुतणीने मला नंतर सांगितलं, दोन वर्षं झाली म्हणून. तुम्ही पत्रात लिहिलं नव्हतंत. मीही लपवायच्या गोष्टी लपवतोच, तेव्हा त्यावर बोलत नाही.

ठिपकेवालीने बिचारीने चांगल्या मनाने विचारलं, "आजी, हे कंप मी यंत्रातून काढून टाकू? कळणारसुद्धा नाही."

तुम्ही म्हणालात, "राहू दे गं. मेलेला माणूस परत आलाय. थोडा तरी हलेल की नाही?"

सगळे हसले. मी बाहेर जाऊन आलो. परत आल्यावर मी डोळे पुसतोय असं तुम्हाला वाटलं, तर ती चष्म्याची काच होती.

काल ते सगळं निखाऱ्याच्या अंगात उतरलं. विष उडवण्याआधी त्याचा डावा हात थरथरतो, तो धरून ठेवतो, मग झाडतो. मी काढला असता तर असा काढला नसता. माझ्या रेघेत एवढी हिंमत नव्हती.

आभार मानायला बसलो होतो, पुन्हा वर्णनच झालं. चालवून घ्या.

खुसपट्या


१७ नोव्हेंबर

वहिनी,

खेळ निघाला. सोबतच्या डब्यात पाचवा भाग आहे. हा घरात घ्यायला हरकत नाही, यात तुम्ही जिवंत आहात.

पहिल्या दिवशी मोठ्या सभागृहात दाखवला. खाणीतला अंधार, कोपऱ्यात ओल्या कोळशाचा ढीग, त्यातून आधी नुसता धूर. बराच वेळ धूरच. मग एक ठिणगी. लोक खुर्च्यांवर उभे राहिले. शेजारी बसलेला एक दाढीवाला बाप्या हमसून रडत होता. म्हणाला, "हा कुठेही वळला तरी तोच दिसतो हो, पहिल्यांदाच." मी म्हटलं, "बरोबर ओळखलंत."

मंचावर दिग्दर्शकाने माझी नेहमीची ओळख करून दिली: हे कुणाकडेही न शिकता स्वतःच्या बळावर घडलेले कलाकार. मी ध्वनिक्षेपक घेतला आणि सांगितलं, यात एक चूक आहे, मी इस्त्रीच्या दुकानात शिकलोय. पुढे कुणाकडे, काय, किती, ते इतकं सविस्तर सांगितलं की शेवटी त्यांना दिवे लावावे लागले. खेळाच्या अखेरच्या नामावळीत कार्यालयाला तुमचं पूर्ण नाव हवं होतं. तुम्ही फोनवर म्हणालात, "त्या नावाने मला कोण ओळखतं?" म्हणून मी कार्यालयाशी भांडून घेतलं. तिथे लिहिलंय: 'निखाऱ्या: वहिनी.' जगभर तेवढंच वाचतील. वाचू देत.

आता एक विनंती. तुम्ही निखाऱ्या घेऊनच खेळता, पुतणी सांगते, दुसऱ्या कुणाला हात लावत नाही. या वेळी एकदाच, माझ्यासाठी, दुसरा कुणी घ्या. तो काडीपैलवान मुलगा आहे ना, सगळ्यात कच्चा, तो घ्या आणि समोर निखाऱ्या येऊ द्या. बटणं दाबू नका. नुसत्या उभ्या राहा.

तो पुढे येईल. घाई करणार नाही. तुमच्याकडे बघणारही नाही. वाटेल, याला आपण दिसतोय की नाही. मग डावा हात वर जाईल, तुमच्या अंगावर चार थेंब पडतील, आणि त्याच्या मागोमाग ते सगळं वजन.

हराल. हरा. मी आयुष्यभर तिथेच उभा होतो, तुमच्यासमोर, आणि त्याहून चांगली जागा मला कुठेही मिळाली नाही.

खुसपट्या